रक्तस्राव आणि चेहरा-मानेच्या जखमा : तातडीच्या उपचारांचा आढावा

प्रौढ माणसाच्या शरीरात किलोमागे सुमारे ७० मिलिलिटर रक्त असते. ६० किलो वजनाच्या माणसाचा सगळा साठा म्हणजे चार-सव्वाचार लिटर. त्यातले १५ टक्क्यांपर्यंत गेले तरी निरोगी शरीर ते सोसते. १५ ते ३० टक्के गेल्यावर नाडी मिनिटाला शंभराच्या वर जाते, तहान लागते, हातपाय गार पडतात, जखमी अस्वस्थ होतो; पण रक्तदाबाचा वरचा आकडा तोवर ठीकच दिसतो. तो घसरू लागतो ३० टक्क्यांच्या पुढे, आणि ४० टक्के ओलांडल्यावर शुद्ध हरपून मृत्यू काही मिनिटांवर येतो. ‘बीपी नॉर्मल आहे’ एवढ्यावर विसंबून जखमीला बाकावर बसवून ठेवणे म्हणूनच घातक ठरते. गार, घामेजलेली कातडी आणि धावती नाडी यांकडे आधी पाहावे. लहान मुलांत हिशेब आणखी तंग असतो. १० किलोच्या बाळात एकूण रक्त ८०० मिलिलिटर. चहाच्या दोन कपांएवढे गेले की चौथा हिस्सा संपला. उलट वयस्क माणूस रक्तदाबाच्या काही गोळ्या घेत असेल, तर रक्त जाऊनही त्याची नाडी वाढत नाही. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर किरकोळ वाटणारी जखमही थांबत नाही.

धमनी तुटली तर लालभडक रक्त ठोक्याबरोबर उसळते; शिरेतून काळपट रक्त संथ पण सतत वाहते; खरचटलेल्या जागेतून ते नुसते पाझरते. रक्त थांबवण्याची शरीराची स्वतःची योजना असते. तुटलेली वाहिनी आकसते, प्लेटलेट पेशी तोंडाशी गोळा होतात आणि फायब्रिनच्या तंतूंची जाळी त्यांना धरून ठेवते. पूर्ण तुटलेली धमनी आत ओढली जाऊन मिटू शकते, अर्धवट कापलेली मात्र उघडीच राहते. त्यामुळे लहानशी भोसकलेली जखम कधी कधी तुटलेल्या बोटापेक्षा जास्त वाहते. गुठळी धरायला काही मिनिटांची स्थिरता लागते, आणि बाहेरून मदत करणाऱ्याचे बहुतेक काम ही स्थिरता मिळवून देण्याचेच असते.

त्यासाठी हाताचा थेट दाब हा पहिला आणि बहुतेक वेळा पुरेसा उपाय आहे. तो साधा असला तरी नीट दिला जाताना क्वचित दिसतो. मोठा कपडा जखमेवर ठेवून पंजाने दाबले तर दाब पसरतो आणि वाहणाऱ्या वाहिनीवर तो जेमतेम पडतो. कपडा बाजूला करून रक्त नेमके कुठून येते ते पाहावे आणि तेवढ्याच जागी दोन-तीन बोटांनी, वर स्वच्छ कापडाची घडी ठेवून, शरीराचा भार देऊन दाबावे. दाब दहा मिनिटे घड्याळ लावून, एकदाही न उचलता द्यायचा असतो. थांबले का म्हणून दर मिनिटाला डोकावून पाहिले की नुकती धरू लागलेली गुठळी निघते आणि सगळे पहिल्यापासून सुरू होते. कापड भिजले की त्यावर दुसरे, मग तिसरे चढवत राहण्याची सवय सर्वत्र आहे. पण कापड सारखे भिजत असेल तर बोट योग्य जागी नाही असा त्याचा अर्थ असतो. जांघ, काख, खांद्याचा खळगा अशा ठिकाणी जखम खोल असेल तर वरून दाबून भागत नाही. तिथे गॉज किंवा स्वच्छ सुती कापड बोटाने जखमेच्या तळापर्यंत ठासून भरावे आणि मग वरून दाब द्यावा. छाती आणि पोटाच्या जखमांत मात्र असे काही भरू नये. तिथले रक्त आत साचते आणि ते शस्त्रक्रियेनेच थांबते.

सुश्रुतसंहितेत रक्त थांबवण्याचे चार मार्ग सांगितले आहेत : संधान, स्कंदन, पाचन आणि दहन. जखमेच्या कडा जुळवणे, रक्त गोठवणे आणि डागणे यांतले तत्त्व आजच्या शस्त्रक्रियागृहातही ओळखू येते. गावोगाव मात्र जखमेत हळद, चुना, तंबाखू, चहाची पूड भरली जाते, शेतात दगडी पाला चुरगळून लावला जातो. किरकोळ कापल्यावर रक्त थांबते ते बहुधा पाला लावताना दिलेल्या दाबाने. मोठ्या जखमेत या पदार्थांनी नुकसान होते. चुन्याने ऊती भाजतात, पुडीने जखमेचा तळ झाकला जातो, मातीबरोबर धनुर्वाताचे जंतू आत जातात आणि डॉक्टरला हे सगळे आधी खरवडून काढावे लागते. त्याहून मोठे नुकसान वेळेचे आहे, कारण हळदीचा डबा शोधेपर्यंत जखमेवर कोणाचाच हात नसतो.

हातापायाचे रक्त दाबाने थांबत नसेल, अवयव तुटला असेल किंवा जखमी एकापेक्षा जास्त असून दाबायला हात अपुरे असतील, तर टूर्निकेट, म्हणजे आवळपट्टा, लावावे लागते. फिरकीने आवळता येणारे टूर्निकेट फ्रेंच शल्यविशारद झां-लुई पेती यांनी १७१८ साली बनवले. पुढे या साधनाचे नाव बदनाम झाले. टूर्निकेट लावले की पाय गेलाच, अशी समजूत डॉक्टरांतही रुजली. ती मोडली इराक युद्धातल्या अनुभवाने. बगदादमधील लष्करी रुग्णालयातल्या नोंदींवरून २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शॉक (रक्त घटून रक्ताभिसरण कोलमडणे) येण्याआधी टूर्निकेट लावलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के जगले, शॉक आल्यानंतर लावलेल्यांपैकी सुमारे १० टक्केच. आणि केवळ टूर्निकेटमुळे कोणाचाही अवयव गमावला गेला नाही. म्हणजे ते शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवले तर उशीर झालेला असतो.

पट्टा जखमेच्या वर, धडाच्या बाजूला, पाच-सात सेंटिमीटरवर बांधतात. गुडघ्यावर किंवा कोपरावर नाही. तो निदान चार सेंटिमीटर रुंद असावा. तयार साधन नसेल तर ओढणी, गमछा किंवा साडीची पट्टी दुमडून बांधावी, गाठीत काठी किंवा पान्हा अडकवावा आणि रक्त पूर्ण थांबेपर्यंत पिळावा. हे दुखते, जखमी ओरडतो, आणि म्हणून बहुतेक जण अर्ध्यावरच सोडतात. अर्धवट आवळलेला पट्टा सर्वांत वाईट, कारण तो शिरा बंद करतो आणि धमनी उघडी ठेवतो. रक्त आत येत राहते, परत जात नाही, आणि जखम आधीपेक्षा जास्त वाहते. सुतळी, वायर, बुटाची नाडी मज्जातंतू चिरडते. बांधल्याची वेळ जखमीच्या कपाळावर किंवा पट्ट्यावर लिहावी आणि रुग्णालयात पोचेपर्यंत पट्टा सैल करू नये. साधारण दोन तासांपर्यंत तो सुरक्षित मानला जातो.

इथे एक गोंधळ दूर करणे गरजेचे आहे. महाराष्ट्रात दोरी आवळून बांधण्याची सवय आहे ती सर्पदंशात, आणि तिथे ती हानिकारक आहे. दोरीने विष थांबत नाही, उलट अवयव सडू शकतो. घोणस चावल्यावर रक्ताची गोठण्याची शक्तीच संपते, दंशातून आणि हिरड्यांतून रक्त येते. त्यावर प्रतिविष हाच उपाय असतो. फुटलेल्या धमनीला आवळपट्टा, सापाच्या दंशाला नाही, हा फरक शाळेतल्या मुलांनाही माहीत असायला हवा.

वाहणे थांबले तरी धोका टळत नाही. रक्त गेलेल्या शरीराची उष्णता कमी होते, ऊतींना प्राणवायू कमी पडून रक्तातली आम्लता वाढते, आणि थंड व आम्लधर्मी रक्त गोठत नाही. त्यामुळे पुन्हा रक्तस्राव होतो. हे चक्र तोडायचे तर जखमीला ओल्या जमिनीवरून उचलावे, भिजलेले कपडे काढावेत, घोंगडी किंवा ताडपत्री पांघरावी, मे महिन्यातही. अपघाताच्या जागी सर्वांत आधी पुढे येते ती पाण्याची बाटली, पण ती बाजूला ठेवावी. भूल द्यायची वेळ आली तर पोटातले पाणी फुप्फुसात जाऊ शकते आणि अर्धवट शुद्धीत ठसका लागतो. शिरेतून सलाईनच्या बाटल्यांवर बाटल्या देण्याची जुनी पद्धतही मागे पडली आहे. सलाईनने रक्त पातळ होते, थंड होते आणि वाढलेला रक्तदाब धरलेल्या गुठळ्या उडवतो. वाहणारी जागा ताब्यात येईपर्यंत मनगटाची नाडी लागेल इतपत रक्तदाब ठेवायचा आणि शक्य तितक्या लवकर रक्त, प्लाझ्मा व प्लेटलेट द्यायचे, अशी आजची दिशा आहे. डोक्यालाही मार असेल तर मात्र रक्तदाब इतका खाली ठेवता येत नाही.

औषधांपैकी एकाचा उल्लेख हवाच. धरलेली गुठळी विरघळू न देणारे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड जपानमधील उताको आणि शोसुके ओकामोतो या संशोधक दांपत्याने शोधले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ‘क्रॅश-२’ चाचणीत ४० देशांतील २०,२११ जखमींचा समावेश होता. भारतातील अनेक रुग्णालये त्यात होती. या औषधाने एकूण मृत्यूंचे प्रमाण १६ टक्क्यांवरून १४.५ टक्क्यांवर आले. फायदा सर्वाधिक पहिल्या तासात, तीन तासांपर्यंत टिकणारा. त्यानंतर दिल्यास उलट रक्तस्रावाने होणारे मृत्यू वाढतात. औषध स्वस्त आहे आणि तालुक्याच्या ठिकाणी देता येण्यासारखे आहे, म्हणून जखमेची वेळ नोंदवण्याला इतके महत्त्व. रक्त चढवण्याबाबत मुंबईशी जोडलेली एक गोष्ट अशी की डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ साली वर्णन केलेल्या ‘बॉम्बे’ रक्तगटाच्या माणसाला सर्वांना चालणारे मानले जाणारे ओ निगेटिव्ह रक्तही चालत नाही. त्याला त्याच गटाचे लागते. ज्यांना आपला गट हा आहे हे ठाऊक आहे, त्यांनी तसे कार्ड जवळ ठेवणे शहाणपणाचे.

मऊ ऊतींच्या जखमा कशाने झाल्या यावरून त्यांची वागणूक ठरते. ऊसतोडीच्या कोयत्याचा घाव स्वच्छ असतो, कडा जुळतात, पण खाली स्नायूबंध आणि मज्जातंतू कापलेले असू शकतात. म्हणून टाके घालण्याआधी प्रत्येक बोट हलवून आणि स्पर्श करून पाहावे लागते. ट्रकच्या चाकाखाली आलेल्या पायाची कातडी मोज्यासारखी सोलवटून निघते, वरून जागच्या जागी दिसली तरी तिचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. चिरडलेल्या पोटरीत किंवा हातात सूज बंद कप्प्यात कोंडली जाते. जखमेच्या मानाने फार जास्त वेदना आणि बोटे ताणल्यावर असह्य कळ ही तिची खूण आहे, आणि काही तासांत कप्पा उघडला नाही तर स्नायू मरतो. मळणी यंत्रात किंवा कडबा कुट्टीत तुटलेले बोट ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावे आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बोट थेट बर्फात टाकले तर गोठून निकामी होते, पाण्यात बुडवले तर फुगते.

रक्त थांबल्यावर जखमेची सर्वांत मोठी सेवा म्हणजे धुणे. पिण्यायोग्य नळाचे पाणी या कामाला सलाईनइतकेच चांगले ठरले आहे. लागते ते भरपूर पाणी आणि थोडा जोर. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस जंतूंबरोबर जिवंत ऊतीही मारतो. आत रुतलेली काच, सळई, लाकूड जागेवर ओढून काढू नये. तेच वाहिनी बंद करून बसलेले असू शकते. दोन्ही बाजूंना कापडाच्या गुंडाळ्या लावून ते हलणार नाही असे बांधावे. मातीने भरलेली किंवा चिरडलेली जखम लगेच शिवली तर आत पू धरतो. पहिल्या महायुद्धात शेणखत मिसळलेल्या मातीने भरलेल्या जखमांनी सर्जनांना हा धडा फार महागात शिकवला. मेलेली ऊती कापून जखम उघडी ठेवायची आणि चार-पाच दिवसांनी शिवायची, ही रीत तेव्हा पक्की झाली. धनुर्वाताच्या लसीचा पूर्ण क्रम झालेला असेल तर स्वच्छ जखमेत दहा वर्षांत आणि घाणेरड्या जखमेत पाच वर्षांत घेतलेला डोस पुरतो. लसीकरण अपुरे किंवा अज्ञात असेल तर घाणेरड्या जखमेत लसीबरोबर प्रतिपिंडांचे इंजेक्शनही लागते.

कुत्र्याच्या चाव्याला वेगळा नियम आहे. साबण आणि वाहते पाणी, पंधरा मिनिटे. मग त्याच दिवशी रेबीजची लस आणि रक्त आलेल्या जखमेत, जखमेच्या आत व भोवती, रेबीज इम्युनोग्लोब्युलिन. टाके शक्यतो लांबवतात. चेहरा फाटला असेल तर इम्युनोग्लोब्युलिन भरल्यानंतर मोजकेच सैल टाके घालतात. मुलांना चावा बहुधा चेहऱ्यावर बसतो, तिथून विषाणूला मेंदूपर्यंतचे अंतर कमी असते, आणि लक्षणे दिसू लागल्यावर रेबीजवर इलाज नाही. जुन्नर, आंबेगाव, शिरूर पट्ट्यात बिबट्या मानेवर झडप घालतो. सुळ्यांची भोके बाहेरून बारीक, आत खोल असतात. त्या जखमांनाही हाच क्रम लागू होतो.

चेहऱ्याला रक्तपुरवठा विपुल आहे. त्यामुळे चेहऱ्याची जखम भरपूर वाहते आणि उत्तम भरून येते. १७९२ सालच्या लढाईत टिपूच्या सैनिकांनी नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाचे नाक पुण्याजवळच्या वीटकरी जातीतल्या एका कारागिराने कपाळाच्या कातडीतून नवे घडवले. ही हकिगत १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली आणि १८१४ साली जोसेफ कार्प्यू यांनी तिच्या आधारे इंग्लंडमध्ये तशी शस्त्रक्रिया केली. कपाळाची पट्टी जगली ती याच रक्तपुरवठ्यामुळे. म्हणून इतरत्र सहा-आठ तासांनंतर टाके घालताना सर्जन कचरतात, पण चेहऱ्याची स्वच्छ जखम चोवीस तासांनंतरही शिवता येते. आणि लोंबकळणारा ओठाचा किंवा कानाचा तुकडा कधीही कापून टाकू नये.

रक्ताने भरलेला चेहरा पाहून सगळ्यांचे लक्ष रक्ताकडे जाते, पण चेहऱ्याच्या जखमेत माणूस बहुधा श्वास अडल्याने दगावतो. खालचा जबडा दोन्ही बाजूंनी मोडला की जीभ मागे पडते. रक्त, दात, कवळी घशात जाते. शुद्धीवरचा जखमी पुढे वाकून बसू पाहत असेल तर त्याला बसू द्यावे, बळजबरीने उताणे झोपवू नये. उताण्या अवस्थेतल्या घुसमटीने जखमी धडपडतो आणि ती धडपड दारूची किंवा हट्टाची समजली जाते. बेशुद्ध असेल तर मान आणि धड एका रेषेत ठेवून कुशीवर वळवावे आणि तोंडात दिसणारे तेवढे बोटाने काढावे. चेहऱ्याच्या मधल्या भागातील अस्थिभंगांचे तीन प्रकार रेने ल फोर यांनी १९०१ साली मांडले. वरचा जबडा सुटून हलत असेल तर कवटीचा तळही फुटलेला असू शकतो. अशा वेळी नाकातून नळी घालत नाहीत. नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा पातळ द्रव येत असेल तर तो मेंदूभोवतीचा असू शकतो, तिथे बोळा कोंबू नये.

डोक्याच्या कातडीतल्या वाहिन्या घट्ट ऊतीत बांधलेल्या असल्याने त्यांना आकसता येत नाही. लहानशा खोकेतून मूल शॉकमध्ये जाऊ शकते. इथे हाडावर दाबता येते, म्हणून दाब चांगला लागू पडतो, फक्त खाली कवटी खचलेली नाही हे आधी चाचपावे. घोळणा फुटल्यावर मान मागे टाकून कांदा हुंगवतात आणि डोक्यावर पाणी ओततात. रक्त घशात उतरते आणि मग उलटी होते. पुढे वाकून, तोंडाने श्वास घेत, नाकाचा मऊ भाग दहा ते पंधरा मिनिटे चिमटीत धरला की बहुतेक घोळणे थांबतात, कारण ते नाकाच्या पडद्याच्या पुढच्या भागातून आलेले असतात. मार लागलेल्या नाकात पडद्यावर रक्ताची फुगवटी दिसली तर ती त्याच दिवशी रिकामी करावी लागते, नाहीतर कूर्चा मरून नाक बसते. उपटून आलेला पक्का दात मुळाला हात न लावता धरावा, दुधात हलकेच बुचकळून जागी बसवावा किंवा दुधातच घेऊन अर्ध्या तासात दंतवैद्य गाठावा. दुधाचा दात परत बसवत नाहीत. डोळा फुटल्याची शंका असेल तर कणभरही दाब नको, वर कागदी पेला उपडा ठेवून तो चिकटवावा.

गालाची जखम शिवण्याआधी भुवया उचलायला, डोळे मिटायला, दात दाखवायला सांगतात. चेहऱ्याचा मज्जातंतू आणि लाळेची नळी गालातूनच जातात, आणि त्यांपैकी काही तुटल्याचे टाक्यांनंतर लक्षात आले तर दुरुस्ती अवघड होते. ओठाची लाल किनार एका मिलिमीटरनेही चुकली तरी आयुष्यभर दिसते. पहिला टाका तिथेच घालतात. भुवई भादरत नाहीत.

मान ही सर्वांत अवघड जागा. श्वासनलिका, अन्ननलिका, मेंदूकडे जाणाऱ्या धमन्या, मोठ्या शिरा आणि मज्जारज्जू इतके सगळे तळहाताएवढ्या रुंदीत असते आणि हाडाचे कवच फक्त मागे. संक्रांतीच्या सुमारास दुचाकीस्वारांचे गळे कापणारा नायलॉन मांजा याच जागी बसतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये त्यावर देशभर बंदी घातली, तरी नागपूर, नाशिक, येवला, पुणे इथे दर जानेवारीत जखमी येतच राहतात. ही विक्री चालू राहणे अक्षम्य आहे. मांज्याचा घाव बारीक, सरळ आणि फसवा असतो. मानेच्या कातडीखालचा प्लॅटिझ्मा हा पातळ स्नायू कापला गेला असेल तर आतले काहीही कापलेले असू शकते.

मानेच्या जखमेवरही बोटांचा नेमका दाबच द्यायचा, पण फक्त जखमेच्या बाजूला. दोन्ही बाजूंच्या धमन्या एकाच वेळी दाबू नयेत. गळ्याभोवती पट्टी गुंडाळणे म्हणजे गळफास; पट्टी दुसऱ्या बाजूच्या काखेखालून घेतात. मोठी शीर उघडी असेल तर श्वासाबरोबर हवा आत ओढली जाऊन हृदयात अडकते, म्हणून जखमेवर लगेच हात किंवा प्लास्टिक ठेवून जखमीला सपाट झोपवावे. चेहऱ्याच्या जखमेत बसवणे आणि मानेच्या जखमेत झोपवणे या दोन सूचना एकाच जखमीत भांडू शकतात. श्वास घरघरत असेल, रक्त तोंडात येत असेल तर श्वास आधी. तो मोकळा असेल तरच आडवे करावे. पडल्याने किंवा धडकेने मार असेल तर मान स्थिर धरतात, पण धारदार शस्त्राच्या जखमेत कॉलर घालत नाहीत. त्याखाली वाढणारी सूज दिसत नाही. उसळते रक्त, वाढती गाठ, जखमेतून हवेचे बुडबुडे, बदललेला आवाज, श्वासाची शिट्टी यांपैकी एक जरी दिसले तरी जखमी थेट शस्त्रक्रियागृहात जातो.

सर्जन मानेचे तीन पट्टे मानतात : गळपट्टीच्या हाडापासून क्रिकॉइड कूर्चेपर्यंत पहिला, तिथून जबड्याच्या कोनापर्यंत दुसरा, त्यावर कवटीच्या तळापर्यंत तिसरा. दुसऱ्या पट्ट्यात दाब देता येतो आणि शस्त्रक्रियाही सोपी. पहिल्यात छातीतल्या वाहिन्या, तिसऱ्यात कवटीचे हाड आड येते. तिथे हात पोचत नाही तेव्हा लघवीसाठीची फोली नळी जखमेत घालून तिचा फुगा पाण्याने फुगवतात. आतून बसलेल्या दाबाने शस्त्रक्रियेपर्यंतचा वेळ मिळतो. दुसऱ्या महायुद्धानंतर खोल जखम असलेली प्रत्येक मान उघडून पाहण्याचा प्रघात होता, त्यात अनेक शस्त्रक्रिया विनाकारण होत. आता स्थिर रुग्णाचा सीटी अँजिओग्राम करून ठरवतात. अन्ननलिकेची इजा मात्र त्यातही निसटते; गिळताना दुखणे आणि ताप यांवर एक-दोन दिवस लक्ष ठेवावे लागते.

जखमीला पोचवण्यासाठी महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ ची सेवा आहे, आणि ११२ हा सर्वसाधारण क्रमांक आहे. जखमीला आणणाऱ्याला पोलीस किंवा रुग्णालय अडकवून ठेवील ही भीती आता कायद्यानेच काढली आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात प्रत्येक डॉक्टरवर तातडीच्या उपचारांचे बंधन घातले, आणि २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीतील कलम १३४अ ने मदतनीसाला दिवाणी व फौजदारी जबाबदारीतून संरक्षण दिले. नाव सांगण्याचीही त्याच्यावर सक्ती नाही. रुग्णालयात जखमेची आणि टूर्निकेटची वेळ, किती रक्त गेले याचा अंदाज, चालू गोळ्या आणि काढलेली कवळी वा तुटलेला भाग सोपवावा.

पुढचे काम जखम भरण्याचे. चेहऱ्याचे टाके साधारण पाचव्या दिवशी काढतात, उशीर झाल्यास टाक्यांच्या खुणा उमटतात. डोक्याचे सात ते दहा दिवसांनी, हातापायाचे दहा ते चौदा दिवसांनी, सांध्यावरचे त्याहून थोडे उशिरा. व्रण परिपक्व व्हायला सहा महिने ते वर्ष लागते, तोवर त्यावर ऊन पडू देऊ नये. कानाला मार लागून त्यात रक्त साचले असेल तर ते काढल्यावर दाबपट्टी आठवडाभर ठेवतात, आणि चाव्याच्या रुग्णाने लसीच्या उरलेल्या तारखा, जखम भरून आली तरी, पूर्ण करायच्या असतात.